ह्यांचे फोटो कुठे ठेवू?

प्रश्न : ताई, मी कराडची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमचे हे चौदा महिन्यांपूर्वी गेले. त्यांना फोटोंची फार हौस. शेतातली पेरणी, नातवाचं बारसं, प्रीतिसंगमावरची संध्याकाळ, सगळं त्यांच्या फोनमध्ये आहे. तो फोन मी बंद करून कपाटात ठेवलाय, बघवत नाही. माझ्या स्वतःच्या फोनवर रोज ‘स्टोरेज भरलं आहे’ असा मेसेज येतो. पुण्याचा मुलगा म्हणतो, पैसे भर आणि मोठा प्लॅन घे. पुतण्या म्हणतो, पैसे कशाला घालवायचे, तीन-चार नवी जीमेल खाती काढू, प्रत्येकात पंधरा जीबी फुकट. आमच्या एका ग्रुपवर कुणीतरी ४९९ रुपयांत एक टीबी, म्हणजे हजार जीबी, ‘लाइफटाइम’ जागा देतो असं टाकलंय. पेन्शनीत बसेल असं काहीतरी सांगा. ह्यांचे फोटो कुठे ठेवू?

उत्तर : बाई, फुकट की विकत ते मागाहून बघू. आधी कपाटातला तो फोन काढा. आजच काढा.

फोनची पाठ फुगलेली दिसत नसेल तर चार्जिंगला लावा. फुगलेली दिसली तर चार्जर लावू नका, बॅटरी बदलणाऱ्या चांगल्या दुकानात न्या. बराच काळ बंद राहिलेल्या फोनची बॅटरी पार उतरते, तासभर काहीच हलणार नाही, तेव्हा घाबरू नका. पॅटर्न माहीत नसेल तर मुलाला विचारा, जुन्या डायऱ्या बघा, पण ‘लॉक काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात फोन देऊ नका. लॉक काढताना बहुतेक वेळा फोन रिसेट होतो आणि आतलं सगळं पुसलं जातं.

एवढी घाई का, तेही सांगते. दोन वर्षं अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या मेल-फोटोंसकट काढून टाकायचा नियम गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केला आहे. आधी सूचना पाठवतात, पण ती जाते त्याच खात्याच्या मेलवर (आणि दिलेला असेल तर रिकव्हरी मेलवर), म्हणजे तुमच्या कपाटातल्या बंद फोनवर. चौदा महिने गेले, दहा उरले. फोन सुरू करून त्या खात्यातून मेल उघडलात, चार फोटो पाहिलेत, तरी ते खातं वापरात धरलं जातं.

दुसरं, त्यांच्या नंबरचं सिम. खात्याचा पासवर्ड विसरला असेल तर ओटीपी त्याच नंबरवर येणार. नव्वद दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला देऊ शकते. नंबर अजून चालू असेल तर कागदपत्रं देऊन तो तुमच्या नावावर करून घ्या. बंद झाला असेल तर आपल्या हातात तो फोनच काय तो उरतो, म्हणून त्याला जास्तच जपायचं.

फोन सुरू झाला की गूगल फोटोजचं अ‍ॅप उघडा आणि वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा. बॅकअप, म्हणजे इंटरनेटवरची प्रत, पूर्ण आहे की बंद आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. हे बघाच. ‘माझं सगळं गूगलवर आहे’ असं म्हणत आलेल्या निम्म्याशिम्म्या लोकांचा बॅकअप कधीतरी जागा भरली तेव्हाच थांबलेला असतो, हे मी माझ्या टेबलावर पुन्हापुन्हा पाहिलंय.

मी एवढी मागे का लागते, त्यामागे माझ्या दुकानाची गोष्ट आहे. सांगलीत हरभट रोडला आमचा स्टुडिओ होता, वडिलांनी सुरू केलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. दुकानात पाणी किती दिवस राहिलं ते आता आठवावंसं वाटत नाही. निगेटिव्हची पाकिटं खालच्या रॅकवर होती, प्रत्येकावर वडिलांच्या अक्षरात नंबर. रजिस्टरं पोटमाळ्यावर होती, ती वाचली. पूर ओसरल्यावर हरिपूरचे एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांचा एकच फोटो आमच्याकडे काढलेला होता, १९९४ चा, पासपोर्ट साइझचा. घरातली प्रत पुरात गेली होती. रजिस्टरमध्ये नंबर सापडला, त्या नंबरचं पाकीटही सापडलं, मला केवढा आनंद झाला. निगेटिव्ह चिमटीत धरून बाहेर काढली तर हातात आली ती नुसती पारदर्शक फिल्म. चित्र ज्या जिलेटिनच्या थरात असतं, तो थर पाण्यात फुगून, सुटून, चिखलाबरोबर पाकिटाच्या तळाशी बसला होता. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले.

त्याच दुकानातले २००८ नंतरचे डिजिटल फोटो मात्र एकही गेले नाहीत. कारण त्यांची दुसरी हार्डडिस्क पुण्याला भावाच्या घरी होती. ती डिस्क काही फार भारीची नव्हती. ती दुसऱ्या गावात होती, एवढंच.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी दुसरी प्रत कुठे आहे ते विचारते. फुकटच्या जागेत एकच प्रत असेल तर ती धोक्यात, आणि पैसे भरलेल्या जागेत एकच असेल तरी ती धोक्यातच. फोटोग्राफीच्या धंद्यात तीन-दोन-एक म्हणतात : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमच्या बाबतीत एक प्रत फोनवर, एक इंटरनेटवर आणि एक हार्डडिस्कवर. ती डिस्क मुलाकडे पुण्याला राहू दे. पेनड्राइव्ह ह्यात धरू नका, तो फोटो इकडून तिकडे न्यायला चांगला, वर्षानुवर्षं ठेवायला नाही.

आता फुकटच्या जागेबद्दल. गूगल फोटोज २०१५ मध्ये आलं तेव्हा थोडे आकसून घेतलेले फोटो वाटेल तितके फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून ते संपलं. त्या तारखेनंतरचा प्रत्येक फोटो पंधरा जीबीत मोजला जातो, आणि हे पंधरा जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहेत. फ्लिकर ह्या फोटो ठेवायच्या साइटने २०१३ मध्ये प्रत्येकाला एक टीबी फुकट दिला होता. आम्हा फोटोवाल्यांना तर लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. पुढे मालक बदलला आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं की फुकट खात्यात हजारच फोटो राहतील, वरचे काढले जातील. ह्यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. कुणाची तरी यंत्रं, वीज, माणसं तुमचे फोटो सांभाळत असतात, त्याचा खर्च कुणीतरी देत असतो. तो देणारा आपण नसलो की नियम बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही. पैसे भरले म्हणजे कायमची हमी मिळाली असंही नाही. कॅनन कंपनीची आयरिस्टा नावाची फोटो ठेवायची सोय होती, पैसे भरून मोठी जागा घेणारेही तिथे होते. जानेवारी २०२०च्या शेवटी ती बंद झाली. लोकांना आपले फोटो उतरवून घ्यायला मुदत दिली होती, हे महत्त्वाचं.

त्यामुळे जागा निवडताना मी दोनच गोष्टी बघते. इथून सगळे फोटो एकदम, मूळ आकारात बाहेर काढता येतात का? आणि पैसे भरायचे थांबवले तर काय होतं? गूगलमध्ये बाहेर काढायला टेकआउट नावाची सोय आहे. त्यातून फोटोंचे मोठमोठे गठ्ठे मिळतात. तारखा-ठिकाणं वेगळ्या छोट्या फायलींत असतात, त्यामुळे काही फोटोंवर भलतीच तारीख दिसेल. हे काम मुलाला सुट्टीत बसून करायला सांगा. पैसे भरायचे थांबवले तर फोटो लगेच जात नाहीत, नवे चढत नाहीत आणि मेल येणं-जाणं थांबतं. मर्यादेपेक्षा जास्त भरलेलं खातं दोन वर्षं तसंच राहिलं तर मात्र त्यातले फोटो-मेल काढून टाकू शकतात.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. तुमच्या यजमानांच्या खात्यातले जून २०२१ च्या आधी आकसून चढवलेले फोटो त्या पंधरा जीबीत मोजलेलेच नाहीत. ते तिथे आहेत तोवर फुकट आहेत. तेच उतरवून तुमच्या खात्यात चढवलेत की पूर्ण मोजले जातील. म्हणून ते खातं मोडू नका, जिवंत ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी, त्यांच्या तिथीला म्हणा, एकदा उघडत जा. प्रती काढायच्या त्या हार्डडिस्कवर काढा.

तुमच्या स्वतःच्या फोनचं वेगळं आहे. प्लॅन घ्यायच्या आधी जागा कशाने भरली ते बघा. मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन बघितला. पंधरापैकी सहा जीबी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप होता, तो आता अँड्रॉइडवर गूगलच्या जागेतच मोजतात. चार जीबी भजनांचे आणि सुप्रभातचे व्हिडिओ. नातवंडांचे फोटो जेमतेम दोन जीबी निघाले. आम्ही दोघींनी चहा होईपर्यंत मोठे व्हिडिओ निवडून पुसून टाकले आणि मेसेज बंद झाला. तुमचंही असंच निघालं तर पैसे भरायची गरजच नाही.

तसं निघालं नाही तर माझं मत मुलाच्या बाजूने आहे. मी स्वतः शंभर जीबीचा प्लॅन घेतलाय आणि गेल्या खेपेला वर्षाचे १३०० रुपये भरले. भाव बदलतात, तुमच्या फोनवर दिसेल तो खरा. पण तुम्ही वेगळा प्लॅन घ्यायच्या आधी मुलाला विचारा, त्याच्याकडे आहे का. गूगलच्या एका प्लॅनमध्ये घरातल्या आणखी पाच जणांना घेता येतं. जागा वाटली जाते, फोटो ज्याचे त्याच्याकडेच राहतात, मुलाला तुमचे किंवा तुम्हाला त्याचे दिसत नाहीत. मग पेन्शनीला हात लावायला नको.

पुतण्याचा सल्ला प्रेमाचाच आहे, पण ऐकू नका. चार खाती म्हणजे चार पासवर्ड, आणि ज्यात वर्षानुवर्षं कुणी डोकावत नाही अशी तीन खाती. दोन वर्षांचा नियम तिथेही आहेच.

आणि ती ४९९ वाली जागा मुळीच घेऊ नका. अशी जागा बहुधा कुठल्या तरी कॉलेजच्या किंवा कंपनीच्या नावाने काढलेल्या खात्यात दिलेली असते. ज्याच्या हातात त्या संस्थेची किल्ली, तो तुमचं खातं उघडू शकतो आणि एका दिवसात बंदही करू शकतो. विकणाऱ्याचा पत्ता नसतो, पावती नसते, तक्रार कुणाकडे करणार? ह्यांचे फोटो अशा ठिकाणी ठेवायचे नाहीत, बाई.

शेवटचं म्हणजे त्यातले पन्नास फोटो निवडा आणि स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. चार बाय सहाचे. निवडायला बसवणार नाही म्हणता, तर नातवाला जवळ घेऊन बसा. पेरणीचा फोटो पहिला काढा.

प्रश्न : मी इचलकरंजीत लग्नाचे फोटो काढतो, तीन वर्षं झाली. गिऱ्हाइकाला फोटो निवडायला फुकटच्या लिंकवर पाठवतो. आता दोन वर्षांपूर्वीच्या एका पार्टीने पुन्हा सगळे फोटो मागितलेत आणि लिंक उघडत नाही. पैसे भरून जागा घेतली तर परवडेल का? – एक तरुण फोटोग्राफर

उत्तर : दादा, तुझ्या डोक्यात दोन कामं एकत्र झालीत. फोटो दाखवणं वेगळं, सांभाळणं वेगळं. मोठ्या फायली पाठवायच्या फुकट लिंका काही दिवसांनी आपोआप मरतात, त्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. त्यांच्यावर गिऱ्हाइकाचं लग्न ठेवायचं नाही.

हिशेब करून बघ. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, साधारण पंचवीस एमबी धर. हळदीपासून वरातीपर्यंत तीन हजार क्लिक झाले तर पंच्याहत्तर जीबी. सीझनला चाळीस लग्नं केलीस तर तीन टीबी, व्हिडिओ सोडून. एवढं सगळं इंटरनेटवर ठेवायचं भाडं तुला ह्या घडीला जड जाईल, आणि आपल्याकडच्या अपलोडच्या वेगाने ते चढवायला रात्री पुरणार नाहीत. रॉ फायली दोन हार्डडिस्कवर ठेव, एक दुकानात, एक घरी. तुझं घर नि दुकान एकाच इमारतीत असेल तर दुसरी मामाकडे ठेव. पंचगंगेने २०१९ मध्ये काय केलं ते तुम्हा लोकांना मी सांगायला नको. निवडलेल्या, तयार केलेल्या जेपेगच तेवढ्या पैसे भरून घेतलेल्या जागेत ठेव. एका लग्नाच्या त्या चार-पाच जीबीत बसतात.

गूगल फोटोजवर चढवताना ‘स्टोरेज सेव्हर’ चालू नाही ना, ते बघ. त्यात फोटो सोळा मेगापिक्सेलला आकसतो. फोनवर बघायला, आठ बाय बाराची प्रिंट काढायला काही फरक कळणार नाही. पण करिझ्मा अल्बमचं १२×३६ चं एकच फोटोचं पान करायचं झालं की तेवढे पिक्सेल कमी पडतात. पार्टीला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेस तर डॉक्युमेंट म्हणून दे. नुसता फोटो म्हणून पाठवलास तर तो दाबला जातो आणि कधी काढला ती माहितीही निघून जाते.

वेबसाइटवर स्वतःचं काम दाखवायला दुसऱ्या कुणाच्या फुकट जागेवरून चित्रं ओढत असशील तर तेही थांबव. २०१७ मध्ये फोटोबकेट ह्या फोटो ठेवायच्या साइटने असं बाहेर चित्रं दाखवण्यासाठी वर्षाला चारशे डॉलरच्या प्लॅनची अट घातली, आणि जगभरातल्या लोकांच्या पानांवरची चित्रं एका रात्रीत जाऊन त्या जागी कंपनीची पाटी आली.

आणि पावतीवर एक ओळ छापून घे : फोटो किती महिने सांभाळले जातील. आमच्या वडिलांच्या पाकिटांवर ‘निगेटिव्ह पाच वर्षे’ असा शिक्का असायचा. प्रत्यक्षात त्यांनी कधी एकही फेकली नाही, पण गिऱ्हाइकाला काय धरून चालायचं ते माहीत असायचं. त्या पार्टीला आज खरं काय ते सांग, आणि अल्बमवाल्याकडे डिझाइनच्या फायली उरल्यात का ते विचारून बघ. लॅबवाले पुष्कळदा काही महिने ठेवतात, कधी जास्तही.

प्रश्न : ताई, फोनमधली जागा मोकळी करावी म्हणून गूगल फोटोजमधून आईचे फोटो काढून टाकले. इंटरनेटवर आहेतच असं वाटलं होतं. आता तिथेही दिसत नाहीत. आईचं वर्षश्राद्ध जवळ आलंय. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हे फार जणांचं होतं. गूगल फोटोजमध्ये फोनमधले आणि इंटरनेटवरचे फोटो एकमेकांना बांधलेले असतात. तिथून काढून टाकला की दोन्हीकडचा जातो, कारण तो एकच फोटो दोन खिडक्यांतून दिसत असतो. आयफोनच्या आयक्लाउडवरही हेच होतं. फोन मोकळा करायचा असेल तर गूगल फोटोजमधलं ‘जागा मोकळी करा’ हेच बटण वापरायचं. ते चढून झालेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत पुसतं.

काढून टाकलेले फोटो लगेच नष्ट होत नाहीत. गूगलमध्ये बॅकअप झालेले साठ दिवस कचरापेटीत राहतात, बॅकअप न झालेले तीस दिवस. आयफोनवर साधारण तीस.

ह्या ताईंच्या पत्रावरची तारीख बघितली तर फोटो काढून टाकल्याला पन्नासच्या वर दिवस झाले होते. अंक छापून येईपर्यंत मुदत संपली असती, म्हणून मी पत्रातल्या नंबरवर त्याच दुपारी फोन लावला. फोन कानाला न धरता स्पीकरवर ठेवायला सांगितला, आणि एकेक बटण सांगत कचरापेटीपर्यंत नेलं. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, काही नाही इथे. मग खाली सरकवलं. आई ओट्यापाशी पुरणपोळ्या लाटतेय, असा फोटो वर आला. पुढचे त्यांनी मोजून सांगितले, एकशे बारा. सगळे परत आले. तेवढ्यात त्यांच्या यजमानांनी जुनी हार्डडिस्क आणून जोडली, आणि दुसरी प्रत काढून होईपर्यंत आम्ही दोघी फोनवरच होतो.